वाकून येणारं रोप

कांद्याचं रोप जमिनीतून सरळ वर येत नाही. आधी ते कंबरेत मोडल्यासारखं वाकून बाहेर पडतं. दोन्ही टोकं मातीत आणि पाठ तेवढी वर. तीन-चार दिवसांनी एक टोक मातीतून उपसून घेतं, डोक्यावर काळ्या बीची टोपी तशीच असते, आणि मग सावकाश उभं राहतं. गवत मात्र पहिल्या दिवसापासून सुईसारखं सरळ. नवख्या माणसाला तेच पीक वाटावं इतकं शिस्तीचं.

आमची रोपवाटिका वडिलांनी सुरू केली. आता ती दादाची आहे आणि वाफे माझ्या हाताखाली. दोन पानांवर आलेलं कुठलंही रोप मी लांबूनच ओळखते. वांगं कुठलं, मिरची कुठली, तण कुठलं. या गोष्टीचा मला अभिमान होता. त्या अभिमानाबद्दल मी रोज पहाटे देवाची क्षमा मागायचे आणि दिवसभरात कुणाला ना कुणाला पुन्हा सांगायचे.

चर्चमध्येही मला रोपवाली म्हणतात. रविवारी उपासनेआधी मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो. पाळकसाहेब म्हणायचे, "तुम्ही शेतातलं सांगा, मुलांना पटतं." मग मी सांगायचे, की विश्वासही पेरावा लागतो, त्याला रोज पाणी लागतं, तण वेळेवर काढावं लागतं. मुलं माना डोलवायची. माझी भाची तेवढी डोलवायची नाही.

ती दादाची मुलगी. पायाला चाक लावल्यासारखी फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. सात-आठ वर्षांची असताना वर्गात तिने हात वर केला.

"आत्या, पेरणारा पेरून गेला आणि विसरूनच गेला तर?"

"देव विसरत नाही."

"देवाचं नाही विचारलं. पेरणाऱ्याचं विचारलं."

सगळी मुलं हसली. मी पुढचं गाणं सुरू केलं.

वहिनी गेल्या तेव्हा भिंगरी पाच वर्षांची होती. खोकून खोकून त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वन्सं, हिला शाळा कमी मिळाली तरी चालेल. देवाच्या हातातून सुटू देऊ नका." मी हो म्हटलं. त्याच दिवशी नेम धरला. पहाटे तोंड धुतल्यावर कुणाशी काही बोलायच्या आत प्रार्थना, मग बायबलचा एक अध्याय मोठ्याने. त्याआधी पाण्याचा घोटही नाही. शुक्रवारी एकच वेळ जेवण. आणि कुणाला, कधीही, आवाज चढवून बोलायचं नाही.

अकरा वर्षं नेम मोडला नाही. अध्याय आम्ही वाटून वाचायचो. एक वचन मी, एक भिंगरी. तिला गोवर आला होता तेव्हाही मी तिच्या उशाशी बसले. तिच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून तिची वचनंही मीच वाचली. तेव्हा मला ते प्रेमाचं लक्षण वाटलं होतं.

नेमात अडथळा यायचा तो तिच्या प्रश्नांचा. अध्याय मध्येच थांबवून विचारायची. "हा माणूस रडतोय, आणि सगळे त्याला गप्प बस म्हणतायत. का?" "देवाने हिचं ऐकलं, मग शेजारणीचं का नाही?" दादा आतून ओरडायचा, "अगं, वाच गं लवकर, ट्रे भरायचेत!" मी हळू आवाजात म्हणायचे, "आधी वाचून होऊ दे. नंतर बोलू." ते नंतर बहुतेक वेळा यायचं नाही. ट्रे असायचे, पाणी द्यायचं असायचं, गिऱ्हाईक असायचं.

ती सोळाची झाली आणि दृढीकरणाचं, म्हणजे आपला विश्वास मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, वर्ष आलं.

आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. दृढीकरण घेणाऱ्या प्रत्येक मुलाने आपली साक्ष स्वतःच्या हाताने, एका पानावर लिहायची, देवाची ओळख मला कशी झाली ते. आठ दिवस आधी ते पान पाळकसाहेबांकडे जातं, पंचमंडळी वाचते, आणि त्या रविवारी मूल सगळ्या मंडळीपुढे उभं राहून ते वाचतं. मग पाळकसाहेब विचारतात, "तुझा विश्वास आहे का?" मूल म्हणतं, "हो, आहे."

रीत चांगली आहे. पण साक्ष बहुतेक घरांत आईच सांगते आणि मूल उतरवून घेतं. आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी शिंपीणबाई. सगळ्या मुलींचे पांढरे पोशाख त्याच शिवतात आणि माप घेता घेता घरातलं सगळं काढून घेतात. त्यांच्या तिन्ही मुलांनी एकच साक्ष वाचली होती. फक्त आजारपण बदललं होतं. मी मनात हसले होते. म्हटलं होतं, आपल्याकडे असलं होणार नाही.

भिंगरीने पान लिहायला तीन आठवडे लावले. एका दुपारी मी शेडमध्ये ट्रे भरत होते. ती आली, हात झटकले, खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"आत्या, तू आधी वाच. कुणाला देऊ नकोस. आणि लगेच काही बोलू नकोस."

"का गं? इतकं काय लिहिलंयस?"

"वाच ना."

मी हात पुसले आणि वाचलं. ते देवालाच लिहिलं होतं. आज मला त्यातलं फार थोडं आठवतं आणि जे आठवतं ते खात्रीने तिच्याच शब्दांत आहे असं म्हणवत नाही. पण सुरुवात पक्की आठवते. "देवा, आई खोकत होती तेव्हा मी तुला रोज सांगत होते. तू ऐकून नाही म्हणालास, की ऐकलंच नाहीस?" पुढे होतं, की आत्या म्हणते तू जवळ आहेस, पण आत्याचं जवळ आणि माझं जवळ एक नाही. पहाटे मी वाचते तेव्हा मला आत्याचाच आवाज येतो, तुझा नाही. तुझा यावा म्हणून मी कधीकधी विहिरीपाशी एकटी बसते. आणि शेवटी असं काहीतरी, की तुझ्याशी बोलणं मी सोडणार नाही, पण तू बोलल्याशिवाय मी सगळ्यांसमोर हो म्हणणार नाही.

अकरा वर्षं आणि शेवटी हे! "हो म्हणणार नाही" एवढेच शब्द मला दिसले. वहिनींचा हात आठवला, हे खरं. पण त्याच्याही आधी शिंपीणबाईंचा चेहरा आठवला, हेही खरं. रोपवालीच्या घरातच तण, असं त्या माप घेता घेता चार घरी सांगतील. इथे मी काही लपवणार नाही. लपवायचं ते मी तेव्हाच लपवून चुकले.

"छान लिहिलंयस," मी म्हणाले. "राहू दे माझ्याकडे. शुद्धलेखन बघते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "फक्त शुद्धलेखन?"

"थोडं मांडणीचं."

त्या संध्याकाळी ती शिकवणीला गेल्यावर मी टेबलाशी बसले आणि एका नव्या कागदावर साक्ष लिहिली. भिंगरीची म्हणून. आईच्या आजारपणात देवाने मला धीर दिला. आत्याच्या रूपाने त्याने मला आई दिली. पहाटेच्या वचनात मला त्याचा आवाज येतो. लिहिताना माझे डोळे भरून आले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो माझा होता.

तिचं पान मी चार तुकडे करून कुजणीच्या खड्ड्यात टाकलं आणि वर दोन पाट्या पालापाचोळा ओढला. उपटलेलं तण आम्ही तिथेच टाकतो. हात धुतले, आणि खरंच सांगते, मला हलकं वाटलं. वेळेवर काढलं, म्हटलं. बी धरायच्या आत.

दुसऱ्या दिवशी तिला नवा कागद दिला. तिने उभ्या उभ्याच वाचला.

"हे माझं नाही."

"तुला हेच म्हणायचं होतं. मी नीट मांडलं, इतकंच."

"मला हे म्हणायचं नव्हतं, आत्या."

"बाळा, तू दुःखात लिहिलंस. दुःखातलं बोलणं देव धरत नाही, पण माणसं धरतात." हे सगळं मी अगदी हळू बोलले. नेम होता ना. आवाज चढवला असता तर ती भांडली तरी असती. "तुझ्या आईला मी शब्द दिलाय. तू नाही म्हणालीस तर मी तिला काय सांगू?"

आता वाटतं, तो घाव मी तिच्या आईच्या हाताने घातला. तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "माझं पान कुठाय?"

"आहे. ठेवलंय."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं." आणि तिने टेबलाशी बसून माझी साक्ष आपल्या अक्षरात उतरवून काढली. एकही खाडाखोड नव्हती.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. नऊ मुलं होती. आठ जणांनी अडखळत, खाली बघत वाचलं. भिंगरी शेवटची. तिने कागद उघडलाही नाही. सगळं पाठ होतं. स्पष्ट, हळू, जिथे थांबायला हवं तिथे थांबून. "आत्याच्या रूपाने त्याने मला आई दिली," इथे ती थांबली आणि बायकांच्या बाकांवर नाकं ओढल्याचे आवाज आले. दादा मान खाली घालून रडत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"तुझा विश्वास आहे का?"

"हो, आहे," ती म्हणाली. जराही न थांबता.

मी ऐकत होते. तिचं थांबणं माझं होतं. शब्दावर दाब देण्याची पद्धत माझी होती. मी माझाच आवाज ऐकत बसले होते, तिच्या पांढऱ्या पोशाखातून येणारा.

बाहेर चहाच्या वेळी शिंपीणबाईंनी मला मिठी मारली. "काय पीक काढलंत हो! आम्ही आपलं नुसतं पेरतच बसलो."

"सगळं देवाचं आहे," मी म्हणाले.

"देवाचं तर आहेच. पण निगराणी कुणाची?" आणि त्या डोळा मारून हसल्या. "मला खरं सांगा, तुम्हीच सांगितलंत ना लिहायला?"

"तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय," मी म्हणाले. हेही खरंच होतं. मी किती काळजीपूर्वक खरं बोलते, याचं माझं मलाच नवल वाटलं.

सोमवारी वाफ्यांवर एक नवी बाई कामाला होती. आठवडाभरापूर्वी लागलेली, हाताला चलाख. तिला मी पहिल्याच दिवशी जुन्या वाफ्यावर कांद्याचं रोप दाखवलं होतं. वीतभर, सरळ, हिरवंगार. "हे पीक, बाकी सगळं तण," असं सांगितलं होतं. सकाळी मी गिऱ्हाइकात अडकले आणि तिला नव्या वाफ्यावर पाठवलं. तास-दीड तासाने गेले तर ती कंबर धरून उभी राहिली, हसत.

"बघा बाई, कसा लख्ख केला!"

वाफा लख्ख होताच. सरळ, सुईसारखं गवत तेवढं उभं होतं. आणि कडेला तिने नीट ढीग लावला होता, वाकलेल्या, पांढरट कांद्याच्या रोपांचा. काहींच्या डोक्यावर अजून काळी टोपी होती.

"अगं, हे काय केलंस?"

तिचा चेहरा उतरला. "तुम्ही सरळ रोप दाखवलं होतं ना बाई. हे सगळं वाकडं होतं. मला वाटलं, रोगट असेल."

"वाकूनच येतं ते आधी."

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, रडकुंडीला येऊन. "तुम्ही उगवलेलं दाखवलंत. उगवतानाचं कुठे दाखवलं?"

मी गुडघ्यावर बसले. ढिगातलं एक रोप उचललं. मूळ निघालं होतं, केसासारखं, एवढंसं. नवी बाई म्हणाली, "परत लावू का?" मी नाही म्हणून मान हलवली. इतकं कोवळं परत लागत नाही. एकदा मोडलं की मोडलं.

ती विचारत राहिली, "बाई, रागावलात का? बाई?" मी उठले ती सरळ कुजणीच्या खड्ड्यावर गेले. पालापाचोळा दोन्ही हातांनी उपसला. दोन आठवडे झाले होते, त्यात रोज पाणी मारलेलं. एक तुकडा सापडला, नखाएवढा, त्यावर निळसर डाग. अक्षर नव्हतं. दादा तिथून जाताना थांबला.

"काय हरवलं गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कोपरापर्यंत हात घातलेस?"

मी पाला परत खड्ड्यात ओढू लागले. तो निघून गेला.

दुसऱ्या पहाटे मी अध्याय वाचताना मुद्दाम थांबले. म्हटलं, "भिंगरी, काही विचारायचंय का तुला?"

"नाही."

"पूर्वी विचारायचीस."

"तेव्हा लहान होते." तिने बोटाने ओळ दाखवली. "तुझं वचन आहे आत्या. वाच."

मी वाचलं. तिने वाचलं. मी, ती. अध्याय कधी नव्हे इतक्या लवकर संपला. तशाच सगळ्या पहाटा जाऊ लागल्या. ती कधी चुकली नाही, कधी उशिरा उठली नाही. विहिरीपाशी बसायला मात्र ती जात नाही, हे मी पाहत होते. एकदा मीच म्हटलं, "जाऊन बस जरा तिकडे, बरं वाटेल." ती म्हणाली, "कशाला? तिथे काय आहे?"

शेवटी एका दुपारी शेडमध्ये मी तिला सगळं सांगितलं. पान फाडलं, खड्ड्यात टाकलं, ठेवलंय म्हणाले ते खोटं होतं. मला वाटलं, ओरडेल. मी तर त्याचीच वाट पाहत होते. ती ट्रेच्या कप्प्यांत बोटाने खळगे पाडत होती. बोट थांबलंसुद्धा नाही.

"माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"तू 'ठेवलंय' म्हणालीस तेव्हापासून. तू खोटं बोलतेस तेव्हा अजूनच हळू बोलतेस."

"मला माफ कर गं."

"केलं," ती म्हणाली. लगेच. वर्गात मी मुलांना शिकवते तसं. क्षमा मागितली की लगेच करायची. "बिया दे इकडे."

महिना गेला. आसपासच्या चार चर्चची मिळून एक सभा व्हायची होती आणि पाळकसाहेबांचा निरोप आला, भिंगरीने तिथे साक्ष द्यावी. तीच नको, आणखी थोडी वाढवून. दादाला कोण आनंद! भिंगरी घरी आली, चपला काढल्या आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"आत्या, लिहून दे."

"तू लिही ना. या वेळी तूच लिही. मी बघणारसुद्धा नाही."

"मला कुठे येतं? तुझं छान होतं. लोक रडतात." ती चेष्टा करत नव्हती. चेष्टा असती तर मी देवाचे आभार मानले असते. "पुढच्या शनिवारपर्यंत दे म्हणजे पाठ होईल."

तीन दिवस तो कागद माझ्यापुढे कोराच होता. शुक्रवारी, उपासाच्या दिवशी, मी बसले आणि तिचं फाडलेलं पान आठवायला लागले. एक ओळ लिहायची, खोडायची. शेवटी उरली ती सुरुवातच. "देवा, आई खोकत होती तेव्हा मी तुला रोज सांगत होते. तू ऐकून नाही म्हणालास, की ऐकलंच नाहीस?" तेवढंच लिहिलं. खाली सगळं पान मोकळं सोडलं. म्हटलं, ही तिची ओळ आहे, ती दिसली की पुढचं तिचं तिला येईल. मुळाचा एवढासा धागा तरी कुठे राहिला असेल.

संध्याकाळी तिच्या हातात दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. वाफ्यावर ओणवी होऊन पाहावं तशी पाहत होते. भुवई किंचित हलली, असं मला वाटलं.

"हे कुणाचं?"

"तुझं आहे. तूच लिहिलं होतंस."

"मी?" तिने पेन उचललं. "असं कसं चालेल आत्या. चार चर्चची माणसं येणार. लोक काय म्हणतील?" आणि तिने त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. रागाने नाही. कोपरा दाबून धरून, नीट, शेवटच्या शब्दापर्यंत.

मग कागद माझ्याकडे सरकवला.

"हं. आता सुरुवातीपासून सांग," ती म्हणाली. "मी उतरवून घेते."